सात नंबरच्या जिन्यातली काच

"ही काच फुटली की तुम्ही रस्त्यावर, वहिनी," मी हसत हसत म्हणालो आणि पट्टीच्या दोन्ही टोकांवरचं ओलं प्लास्टर अंगठ्यानं दाबलं.

प्रमिलावहिनी चार पायऱ्या खाली उभ्या होत्या. कडेवर चौदा महिन्यांची चिमी. त्यांनी आधी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"एवढीशी काच?"

"एवढीशीच."

"आणि फोडणार कोण ती?"

"भिंत. भिंत जरा जरी सरकली तरी काच तडकते. नाही सरकली तर वर्षानुवर्षं तशीच राहते."

"मग आम्ही काय करायचं?"

"काही नाही. जपायची."

हा शेवटचा शब्द मी उगाच वापरला. 'हात लावायचा नाही' एवढंच सांगायला हवं होतं.

त्या दिवशी शुक्रवार होता, २० सप्टेंबर १९६८. काचेवर काच कापायच्या हिरकणीनं तीच तारीख कोरली, वेळ टिपून घेतली आणि मग टिपणिसांच्या खोलीत जेवायला बसलो. बांगड्याचं तिखलं आणि भात होता. इंग्लंडात येऊन मला तेव्हा दीड वर्ष झालं होतं, आणि तसं तिखलं मी त्या दीड वर्षात पहिल्यांदा खात होतो.

गावाचं नाव सांगत नाही. पश्चिम इंग्लंडातलं, मधाच्या रंगाच्या दगडाचं गाव होतं. त्यातली लँगफर्ड रो म्हणजे अकरा घरांची एक सलग ओळ, १७८८ साली बांधलेली. समोरून पाहिलं तर एखादा राजवाडाच वाटावा. तळमजल्याच्या खिडक्या उंच, पहिल्या मजल्याच्या त्याहून उंच, मग वर जाताना लहान लहान होत गेलेल्या. प्रत्येक दारावर उघडलेल्या पंख्यासारखी काच. मागे गेलं की मात्र कुठे मोरी बाहेर आलेली, कुठे भिंतीचं पोट सुटलेलं. बांधणाऱ्यानं त्या काळी फक्त दर्शनी भिंत एकसारखी बांधून विकली होती. मागचं ज्यानं त्यानं आपल्या ऐपतीप्रमाणे उभं केलं.

"अकरा घरांनी मिळून घातलेला एकच सदरा आहे हा, शिरोडकर," आमचे साहेब, मिस्टर पेनफोल्ड, मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते. "बटणं चकचकीत. आत बनियन नाही."

पेनफोल्डसाहेबांची इमारती तपासून देण्याची छोटी कचेरी होती. ते, एक टायपिस्ट आणि मी. मुंबईचा स्थापत्याचा डिप्लोमा तिथे कुणी मोजत नव्हतं. साहेबांनी मोजला. तात्पुरतं घेतलं होतं, कायम करायचं की नाही ते एक जानेवारीला ठरणार होतं. कायम झालो नसतो तर इथल्या कामाच्या परवान्याचं काय होणार, हे मी स्वतःला विचारत नसे.

ओळीतल्या सात नंबरच्या घराची मालकीण बोर्नमथला राहत असे. घर मोकळं मिळालं तर ते मूळ रूपात आणून राहायला घेणारी श्रीमंत मंडळी तयार होती. जुनी घरं वाचवण्याचं वारं तेव्हा नुकतंच सुटलं होतं. अडचण भाडेकरूंची होती. नव्या कायद्यानं त्यांना काढता येत नव्हतं. घर धोकादायक ठरलं तरच दोन दिवसांत खाली करता येत होतं. सात आणि आठ नंबरमधल्या सामाईक भिंतीत जिन्याच्या कडेनं एक तिरकी भेग होती. ती जुनी, थांबलेली भेग आहे की अजून चालू आहे, हे तीन महिने पाहून सांगायचं काम मालकिणीनं आम्हाला दिलं होतं.

त्यासाठी ही काच. भेगेवर आडवी, दोन्ही टोकं प्लास्टरमध्ये घट्ट बसवलेली. इंग्रजीत तिला 'चुगली करणारी' अशाच अर्थाचं नाव आहे. दर शुक्रवारी जाऊन पाहायचं आणि वहीत एक शब्द लिहायचा, साबूत किंवा तडकली. २० डिसेंबरपर्यंत साबूत राहिली तर भिंत स्थिर, भाडेकरू जागच्या जागी.

भाडेकरू दोनच होते. सगळ्यात वरच्या मजल्यावर मिसेस क्विल्टर, वय एकोणऐंशी, चाळीस वर्षांपासून तिथेच. आणि पहिल्या मजल्यावर अनंत टिपणीस, बायको आणि चिमी. टिपणीस अलिबागकडचे. बी.एस्सी. होते आणि बसमध्ये कंडक्टर होते. त्यांची खोली म्हणजे कधी काळचा दिवाणखाना. मधोमध हार्डबोर्डाची भिंत घालून त्याचे दोन केले होते, त्यामुळे छतावरच्या प्लास्टरच्या फुलांच्या हाराचा अर्धा भाग टिपणिसांकडे होता आणि अर्धा पलीकडच्या बंद खोलीत. त्या अर्ध्या हाराखाली वहिनी गॅसच्या शेगडीवर मासे तळत.

ही खोली मिळण्याआधी टिपणिसांनी एकोणीस दारं पाहिली होती. आकडा ते नेहमी सांगत. "सात ठिकाणी पाटीच होती, शिरोडकर, काळे नकोत म्हणून. ते बरे. जिने चढायचे तरी वाचले. बाकी बारा जणांनी दार उघडून, तोंड बघून, खोली आत्ताच गेली म्हणून सांगितलं."

"आणि इथे?"

"इथे मालकीणच समोर नाही. पत्रानं ठरलं. नाव वाचून तिला वाटलं ग्रीक असेन."

वहिनी खो खो हसल्या. "ग्रीक म्हणे! यांना समोर बघितलं असतं तर घर सोडून तीच पळाली असती."

त्यानंतर दर शुक्रवारी मी साडेसातला जायचो. तोवर अंधारून येई. जिन्यातला दिवा मिणमिणता. टॉर्च मारायचा, काच पाहायची, वहीत 'साबूत' लिहायचं आणि जेवायला बसायचं. दोन सेकंदांचं काम. २७ सप्टेंबर, साबूत. ४ ऑक्टोबर, साबूत. ११, १८, २५ ऑक्टोबर, साबूत. दिवाळीत तर वहिनींनी चकल्याही केल्या. १, ८, १५ नोव्हेंबर, साबूत.

सोळा नोव्हेंबरला साहेबांनी सांगितलं की जुन्या इमारती जपणाऱ्या मंडळींनी आपला एक इंजिनिअर नेमलाय, मिस्टर गॅरड. मंगळवारी, २६ तारखेला, तो स्वतः भिंत पाहणार. "कागदपत्रं नीट ठेवा. गॅरड फार बारीक माणूस आहे. काचेकडे तो भिंगातून बघतो."

म्हणून २२ तारखेला मी संध्याकाळी न जाता दुपारी बाराला गेलो.

जिन्याच्या वळणावर एक उंच कमानदार खिडकी होती. हिवाळ्यातलं ऊन तिथून तिरकं आत येऊन नेमकं त्या भिंतीवर पडलं होतं. मी ती काच पहिल्यांदाच उन्हात पाहत होतो. आणि मला काहीतरी खटकलं.

मी बसवलेली पट्टी खिडकीच्या जाड काचेची होती. अशा काचेची कड हिरवी दिसते. या पट्टीची कड हिरवी नव्हती. काच पातळ होती, पाण्यासारखी नितळ. प्लास्टर तेच वाटत होतं, तसंच मळकं. तारीखही तीच, २० सप्टेंबर. पण मी आकडे उभट काढतो. हे गोल होते.

"वहिनी," मी हाक मारली.

त्या हात पुसत बाहेर आल्या. माझं बोट काचेवर होतं. त्यांनी ते पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसायलाच लागल्या.

"ओळखलंत होय! मी यांना म्हटलंच होतं, भाऊजी ओळखणार. पाच आठवडे झाले, तुम्हाला पत्ता नाही!"

"कधी बदलली?"

"दिवाळीच्या आधी. गुरुवार होता. जिना झाडायला काढला सगळा, वरपासून खालपर्यंत. म्हातारी म्हणते, तुला कोणी सांगितलं? म्हटलं, बाई, दिवाळी आहे, जळमटं कशी ठेवायची? काठीला झाडू बांधला आणि कोपरा काढायला गेले, तर दांडा बसला काचेवर. टचकन दोन तुकडे."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुम्हाला साहेब बोलला असता ना! दुसऱ्या दिवशी शुक्रवार. तुम्ही येणार, काच फुटलेली बघणार, वहीत लिहायला लागणार. म्हटलं, आपल्यामुळे भाऊजींना कशाला बोलणी? यांना तसंच पिटाळलं कोपऱ्यावरच्या फ्रेमवाल्याकडे. गणपतीच्या तसबिरीची काच काढून दिली, त्यानं बरोब्बर पट्टी कापून दिली. प्लास्टरही त्याच्याकडचंच. पांढरंशुभ्र दिसायला लागलं, म्हणून चहाच्या पाण्यात कालवलं."

"आणि तारीख?"

त्यांनी कानाची पाळी पुढे केली. कुडीतला हिरा चमकला. "आईच्या कुड्या आहेत. काच कापते म्हणतात, तर लिहून का बघू नये? तुमच्यासारखं नाही जमलं हो अक्षर."

मी काचेकडे पुन्हा पाहिलं. काम इतकं नेटकं होतं की माझ्या कचेरीतल्या माणसालाही जमलं नसतं. दोन्ही टोकं पक्की, मध्ये कुठे पोकळी नाही.

"साहेबांना सांगणार नाही ना?"

"छे."

"मग बसा. आज दुपारचे आलात तर गरम गरम मिळेल."

मी बसलो. जेवलो. काय होतं ते आठवत नाही.

शनिवार-रविवार मी खोलीत बसून एकच हिशेब करत होतो. मंगळवारी गॅरड भिंग घेऊन येणार. त्याला पाच मिनिटांत कळणार की काच दुसरी आहे. मग माझ्या वहीतले पाच 'साबूत' तो साहेबांपुढे ठेवणार. डोळे फुटले होते का, असं विचारून थांबला तर ठीक. पण नावं वाचल्यावर तो थांबणार नाही. टिपणीस, शिरोडकर. एका हिंदी माणसानं दुसऱ्या हिंदी माणसाला सांभाळून घेतलं, असंच तो म्हणणार. एक जानेवारीला मग काही ठरवायलाच उरणार नाही.

सोमवारी सकाळी नऊला मी साहेबांच्या टेबलासमोर उभा राहिलो.

पेनफोल्डसाहेबांनी त्यांच्या आयुष्यात मला कधी खोटं लिहायला सांगितलं नाही. त्या दिवशीही नाही. त्यांनी फक्त प्रश्न विचारले. पाईप भरत, शांतपणे.

"मूळ काच फुटली?"

"हो."

"किती तारखेला?"

"सतरा ऑक्टोबर."

"भाडेकरूंनी दुसरी बसवली?"

"हो."

"तुम्हाला कळवलं?"

"विचारल्यावर लगेच सांगितलं."

"म्हणजे विचारेपर्यंत सांगितलं नाही."

"नाही."

"तारीखही तुमचीच कोरली."

"हो. पण साहेब, त्या बाई म्हणतात की झाडूचा दांडा लागून—"

"तुम्ही तिथे होतात?"

"नाही."

"मग ते तुम्हाला माहीत नाही. त्यांनी तुम्हाला सांगितलं, एवढंच माहीत आहे." त्यांनी काडी ओढली. "आपण वकील नाही, शिरोडकर. जे आपल्या डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं. त्यांनी काच लपवली हे तुम्ही पाहिलंत. लिहा."

"सगळं लिहू?"

"जेवढं मी विचारलं तेवढं पुरे आहे."

मी चार वाक्यं लिहिली. मूळ काच १७ ऑक्टोबर रोजी किंवा त्या सुमारास भंगली. भाडेकरूंनी तिच्या जागी दुसरी काच बसवून मूळ तारीख कोरली आणि ही गोष्ट तपासनिसास कळवली नाही. हा प्रकार २२ नोव्हेंबर रोजी प्रत्यक्ष पाहणीत उघडकीस आला. सबब मूळ काचेवरील नोंदी १७ ऑक्टोबरनंतर ग्राह्य धरता येत नाहीत.

साहेबांनी वाचलं, मान हलवली. "स्वच्छ लिहिता तुम्ही. आता जाऊन ती काच काढून आणा. पुरावा म्हणून जोडावी लागेल. गॅरड येईल तेव्हा भिंतीवर ती असायला नको, उगाच घोळ होतो."

अकरा वाजता मी पुन्हा सात नंबरच्या जिन्यात होतो. पातळ पटाशीनं प्लास्टर सोडवायला लागलो तशा वहिनी बाहेर आल्या.

"काढताय?"

"साहेबांना बघायची आहे."

"अगं बाई! सांगितलंत की काय?"

"त्यांना संशय आला होता."

"म्हणजे रागावले का?"

"नाही."

त्यांना हायसं वाटल्यासारखं दिसलं. मी टोक सोडवत होतो तेव्हा चिमी पायऱ्यांवरून रांगत वर येत होती. त्यांनी तिला उचललं आणि जवळ येऊन पाहत उभ्या राहिल्या. पट्टी सुटली. मी ती रुमालात गुंडाळली.

"नीट जमलीय म्हणतील ना तुमचे साहेब?" वहिनींनी विचारलं. "निदान चहाच्या पाण्याचं तरी कौतुक करतील."

मंगळवारी गॅरड आला. भिंतीवर प्लास्टरचे दोन डाग आणि जुनी भेग, एवढंच त्याला दिसलं. माझा अहवाल त्यानं दोनदा वाचला. "काच फुटली आणि लपवली," तो म्हणाला. "म्हणजे आत काहीतरी चालू आहे." घर पाडलं जाऊ नये एवढीच त्याच्या मंडळींची इच्छा होती. खाली करून डागडुजी करण्याला त्यांची काहीच हरकत नव्हती. गुरुवारी दारावर धोकादायक इमारतीची नोटीस लागली. शनिवारी, तीस नोव्हेंबरला, दुपारी बारापर्यंत सगळ्यांनी बाहेर.

शनिवारी कचेरीतर्फे मला हजर राहायचं होतं. गॅस आणि पाणी बंद झाल्याची नोंद करायची होती.

मिसेस क्विल्टर अकरालाच गेली. तिचा पुतण्या गाडी घेऊन आला होता. तिला दोन माणसांनी खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली आणलं. माझ्यासमोर आल्यावर तिनं खुर्ची थांबवायला लावली.

"काच लावणारा तो तूच ना?"

"हो, मॅडम."

"लढाईत बाँब पडला तेव्हा मी या जिन्याखाली बसले होते. समोरची चार घरं गेली. ही भिंत हलली नाही." तिनं हातातल्या काठीनं पुतण्याला ढोसलं. "चल. याच्याशी कशाला बोलतेय मी."

टिपणीस कंडक्टरच्या गणवेशातच होते. कामावरून थेट आले होते की सकाळी गेलेच नव्हते, मला विचारवलं नाही. दोन दिवसांत त्यांनी चौदा दारं पाहिली होती. आता एकूण तेहतीस. फुटपाथवर एक पत्र्याची ट्रंक, गादीची वळकटी, शेगडी आणि चिमीची बाबागाडी. थंडी होती पण ऊन होतं. शेजारच्या घरातल्या दोन बायका खिडकीत उभ्या राहून पाहत होत्या. त्यांतल्या एकीनं पडदा जरा बाजूला केला, नीट दिसावं म्हणून.

"हिनं केलं हे सगळं," टिपणीस मला म्हणाले. बायको दोन हातांवर उभी होती. "सांगितलं होतं तुम्ही, जपा म्हणून. एवढं एक सांगितलं होतं. इंग्रजांच्या जिन्याची झाडलोट करायला कुणी बोलावलं होतं हिला? दिवाळी! कुणाची दिवाळी? म्हातारी येणार होती फराळाला?"

"अहो, पुरे," वहिनी म्हणाल्या.

"पुरे काय? फुटली तर फुटली, तसं सांगायचं. नाही. बाईसाहेबांना कलाकुसर करायची होती. कानातल्यानं तारीख लिहितेय! नोटिशीत चक्क लिहिलंय, भाडेकरूनं फसवणूक केली. उद्या डेपोत कळलं तर ती नोकरीही जाईल."

त्यांच्या बोलण्यात एकही शब्द चुकीचा नव्हता, म्हणून मला गप्प बसणं सोपं गेलं.

टिपणीस वळकटीची दोरी आवळायला पलीकडे गेले. वहिनी माझ्याजवळ आल्या. त्यांनी आवाज खाली आणला, नवऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून.

"भाऊजी, एक विचारू? मला मेलीला त्यातलं कळत नाही, पण दोन रात्री डोक्यात घोळतंय. तुमची काच मी फोडली. ती झाली वाया. पण मग माझी काच होती ना तिथे? पक्की लावलेली. तुम्हीच काढलीत सोमवारी."

"हो."

"ती अख्खी निघाली ना?"

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"म्हणजे बघा," त्या बोटं मोजत म्हणाल्या, "अठरा तारखेपासून सोमवारपर्यंत पाच आठवडे आणि वर तीन दिवस. भिंत सरकली असती तर माझी काच पण फुटली असती. होय ना? काचेला काय माहीत तिला कुणी लावलीय ते."

हे त्यांना दोन रात्री विचार करून सुचलं होतं. मला ते शुक्रवारी दुपारी, उन्हात उभा असतानाच कळलं होतं. त्यांनी लावलेली पट्टी माझ्या पट्टीइतकीच चांगली होती. पातळ असल्यानं उलट जास्तच नाजूक. भिंत केसभर हलती तर ती आधी तडकली असती. सहा शुक्रवार मी स्वतःच्या डोळ्यांनी ती साबूत पाहिली होती आणि सोमवारी स्वतःच्या हातांनी ती साबूत काढली होती. डोळ्यांनी पाहिलेलं तेवढंच लिहायचं, असा साहेबांचा नियम होता. पाचवं वाक्य त्या नियमात बसत होतं. साहेबांनी ते विचारलं नाही आणि मी लिहिलं नाही. अहवालातली चारही वाक्यं खरी होती. कुठल्याही कोर्टात टिकली असती.

"तसं नसतं ते, वहिनी," मी म्हणालो. "त्यात बरंच तांत्रिक असतं."

"असं होय," त्या म्हणाल्या. "मला वाटलंच, माझंच काहीतरी चुकत असणार."

ती भिंत अजून उभी आहे. १९९१ साली कामानिमित्त त्या गावी गेलो तेव्हा पाहिली. सात नंबरच्या दाराला काळाभोर रंग होता, पितळेची मूठ चकाकत होती. घर पाहायला खुलं असण्याचा तो एक दिवस होता, म्हणून आत जाता आलं. हार्डबोर्डाची भिंत काढून दिवाणखाना पुन्हा एक केला होता. छतावरचा प्लास्टरचा हार पूर्ण दिसत होता. घर दाखवणाऱ्या बाईंनी जिन्यात भेगेवर हात ठेवून सांगितलं की ही बांधकामानंतरच्या पहिल्या दहा वर्षांतली आहे, तेव्हापासून तसूभरही हललेली नाही. मागे लोखंडी पट्टी वगैरे काही घालावी लागली नाही, फक्त बुजवली. मी विचारलं, आधी इथे कोण राहत होतं? त्या म्हणाल्या, १७९० ते १८३५ एका आरमारी कप्तानाचं कुटुंब. पुढचं त्यांच्या माहितीपत्रकात नव्हतं.

कायम मी एक जानेवारी १९६९ ला झालो. साहेबांनी शिफारशीत लिहिलं, 'अचूक आणि निःपक्षपाती.'

पण त्या शनिवारची शेवटची गोष्ट सांगायची राहिली.

साडेबाराला दाराला कुलूप लागलं. टिपणीस माझ्यापाशी आले. आता त्यांच्या आवाजात मघाचा चढ नव्हता.

"शिरोडकर, सोमवारी डेपोतला एक जमैकन कदाचित सोय करणार आहे. कदाचित. तोवर दोन रात्री... तुमच्या खोलीवर? मी बाहेर कुठेही पडेन, स्टेशनवर पडेन. फक्त ही आणि पोर."

माझी खोली टेकडीवर होती. घरमालकीण मिसेस बॉल, विधवा. रविवारी मला केक देणारी, माझ्या आईची पत्रं आली की तब्येत विचारणारी. माझ्या खोलीच्या शेजारची खोली ऑगस्टपासून रिकामी होती. तिनं नाही म्हटलं नसतं. ते मला माहीत होतं, आणि तेच अवघड होतं. दोन रात्री वहिनी माझ्यासमोर बसल्या असत्या आणि बोटं मोजून पुन्हा विचारलं असतं.

"मालकिणीला विचारावं लागेल," मी म्हणालो. "फोन करतो."

रस्त्याच्या टोकाला टेलिफोनचा लाल खोका होता. मी आत गेलो, दार ओढून घेतलं, रिसीव्हर कानाला लावला. नाणं टाकलं नाही. नंबर फिरवला नाही. कानात नुसती घरघर होती. पलीकडच्या फुटपाथवर तिघं उभी होती आणि माझ्याकडे पाहत होती, म्हणून मी बोलायला लागलो. "हॅलो, मिसेस बॉल. हो. माझ्या ओळखीचे. नाही, सभ्य लोक आहेत. एक लहान मूल. दोनच रात्री." मध्ये मध्ये थांबत होतो, ऐकून घेतल्यासारखं. एकदा हात वर करून विनवणी केल्यासारखंही केलं. घड्याळ पाहिलं. एवढ्या विनवणीला तीन मिनिटं बरोबर वाटली. मग रिसीव्हर ठेवला आणि रस्ता ओलांडताना दुरूनच मान हलवली.

"नाही म्हणते?" टिपणिसांनी विचारलं.

"लहान मूल नको म्हणते."

त्यांनी शिवी दिली. मिसेस बॉलला. मी ऐकून घेतली.

वहिनींनी चिमीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "जाऊ द्या हो. त्या बाईचं घर, तिची मर्जी." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "केवढा वेळ भांडत होतात भाऊजी तुम्ही आमच्यासाठी, मी बघत होते. या गावात कुणी एवढं केलं नसतं."

ट्रंकेचं एक कडं टिपणिसांनी धरलं, दुसरं मी. आम्ही बसच्या थांब्याकडे चालायला लागलो.